आजार गेला, फाईल ठेवा

दिवाळी अंकासाठी माझ्याकडून संपादकांची अपेक्षा दरसालची ठरलेली असते. चकल्या-करंज्यांनी बिघडलेले पोट, फटाक्याने भाजलेला हात, पहाटेच्या अभ्यंगस्नानानंतर धरलेला खोकला, ह्यांपैकी एखाद्या विषयावर मी चार हलक्याफुलक्या सूचना लिहाव्यात आणि वाचकांनी फराळाच्या ताटाशेजारी अंक उघडा ठेवून त्या वाचाव्यात, असा हा शिरस्ता. यंदा तो मी मोडणार आहे. वर्षभरात ह्या सदराकडे आलेल्या पत्रांच्या गठ्ठ्यात एक पत्र असे निघाले की, त्याचे उत्तर नेहमीप्रमाणे दहा ओळींत देणे मला जमले नाही. तेव्हापासून ते टेबलाच्या खणात पडून आहे.

पत्र एका आईचे आहे. मजकूर थोडक्यात असा : "आमची मुलगी पाच वर्षांची असताना तिला रक्ताचा कर्करोग झाला होता. अडीच वर्षे उपचार चालले. देवाच्या कृपेने आणि डॉक्टरांच्या हातगुणाने ती पूर्ण बरी झाली. आता ती चोवीस वर्षांची आहे, चांगली नोकरी करते. तिला ते दिवस पुसटसेच आठवतात. लहानपणी तुला मोठा ताप आला होता, एवढेच आम्ही तिला सांगितले आहे. आता तिला स्थळे येऊ लागली आहेत. झाले गेले गंगेला मिळाले असे समजून आम्ही गप्प बसलो, तर चालेल ना?"

त्या शेवटच्या 'ना'मध्ये ह्या बाईंची एकोणीस वर्षांची काळजी आहे. त्यांना नुसते 'चालेल' किंवा 'चालणार नाही' असे उत्तर देऊन भागणार नाही. त्यांची मुलगी वाचली ती कशाने, हे आधी सांगायला हवे. कारण ज्या औषधांनी तिला वाचवले त्यांचाच संबंध तिच्या पुढल्या आयुष्याशी आहे.

ही हकीकत सुरू होते ती आपल्या परळात. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या एक इंग्रज डॉक्टर मुंबईस आल्या. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना त्या काळी एक जीवघेणा पांडुरोग होत असे. रक्त पाण्यासारखे होई आणि पुष्कळ जणी बाळंतपणात दगावत. हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये राहून विल्सबाईंनी त्याचा छडा लावला. हा रोग जंतूंचा नसून अन्नातल्या कसल्याशा उणिवेचा आहे, आणि यीस्टपासून केलेल्या मार्माइट नावाच्या स्वस्त पदार्थाने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. पुढे तेच द्रव्य पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले आणि पानाला लॅटिन भाषेत जो शब्द आहे त्यावरून त्याचे नाव पडले फॉलिक ॲसिड. आज प्रत्येक गरोदर बाईला ज्या गोळ्या लिहून देतात, त्याच ह्या.

फॉलिक ॲसिडने रक्ताच्या पेशी जोमाने वाढतात हे पाहून अमेरिकेतल्या बॉस्टन शहरी डॉ. सिडनी फार्बर ह्यांनी ते रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना देऊन पाहिले. परिणाम उलटाच झाला. रोगाच्या पेशीच अधिक फोफावल्यासारख्या दिसल्या. दुसरा कोणी असता तर तेथेच थांबला असता. फार्बर ह्यांनी मात्र असा विचार केला की, ज्या अन्नावर ह्या पेशी माजतात ते तोडले तर त्या उपाशी मरतील. फॉलिक ॲसिडसारखे दिसणारे, परंतु पेशीला फसवणारे औषध त्यांना मिळाले ते लेडर्ली ह्या कंपनीतून. तेथले संशोधनप्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. १९४८च्या जून महिन्यात फार्बर ह्यांनी १६ मुलांचा वृत्तांत छापला. पैकी १० मुलांना उतार पडला होता. तो काही महिनेच टिकला, ही गोष्ट खरी. परंतु तोवर ह्या रोगाला उतार म्हणून नव्हताच.

पुढची मोठी मजल १९६७-६८ची. मेम्फिस येथे १९६२ साली उघडलेल्या सेंट ज्यूड रुग्णालयाचे पहिले प्रमुख डॉ. डोनाल्ड पिंकेल ह्यांच्या ध्यानात आले होते की, औषधे रक्तातून सगळीकडे फिरली तरी मेंदूभोवतीच्या आवरणांत ती पुरेशी पोचत नाहीत. रोग तेथे दबा धरून बसतो आणि सगळे आटोपले असे वाटत असताना पुन्हा उठतो. त्यांनी तीन-चार औषधे एकदम सुरू केली, पाठीच्या कण्यातून सुईने औषध घातले आणि मुलांच्या मस्तकाला किरणोपचार दिले. त्या गटातली निम्मी मुले कायमची बरी झाली. आज श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या १०० मुलांपैकी ८०हून अधिक मुले जगतात. गरीब देशांत हे प्रमाण ३०च्याही खाली आहे, आणि सगळ्या जगात ते २०३०पर्यंत निदान ६०वर न्यावे असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली ठरवले आहे.

आता ह्या कथेचा दुसरा भाग. कर्करोगाची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना मारतात. लहान मुलाचे सारे शरीरच झपाट्याने वाढत असते. बागेत तण मारायचे औषध फवारले तर जुन्या आंब्याच्या झाडाला त्याचे काही वाटत नाही. शेजारी नुकत्याच लावलेल्या रोपाची मात्र वाढ खुंटते. मुलांचे तसेच होते. आणि जो धक्का बसतो तो पुष्कळदा त्या वेळी दिसत नाही. दहा, वीस, कधी तीस वर्षांनी दिसतो.

पिंकेल ह्यांच्या पद्धतीने जगभर वाचलेली मुले शाळेत जाऊ लागली तेव्हा पहिली शंका आली. त्यांतली बरीच मुले हुशार होती, परंतु गणितात अडत, लक्ष उडे, फळ्यावरचे उतरवून घ्यायला वेळ लागे. ज्यांना अगदी लहान वयात किरणोपचार मिळाले त्यांच्यात हे अधिक दिसे. काहींची उंची खुंटली, कारण मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून वाढीचा रस कमी पाझरू लागला. काही वर्षांनी थोड्या जणांत मेंदूच्या नव्या गाठीही आढळल्या. डॉक्टरांनी ह्यावर हात झटकले नाहीत. किरणांचे प्रमाण आधी कमी केले, पुढे निवडक मुलांपुरतेच ठेवले. आणि २००९ साली त्याच मेम्फिसच्या रुग्णालयाने ४९८ मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांच्यापैकी कोणालाही खबरदारी म्हणून डोक्याला किरण दिलेले नव्हते, तरी पाच वर्षांनी १०० पैकी ९३हून अधिक मुले हयात होती. आधीच्या पिढीतल्या मुलांनी सोसले, म्हणून नंतरच्यांचे वाचले.

दुसरी गोष्ट हृदयाची. आणि ती मी जरा सविस्तर सांगणार आहे. इटलीत कास्तेल देल मोन्ते नावाचा एक जुना किल्ला आहे. त्याच्या आसपासच्या मातीत १९५०च्या दशकात एक सूक्ष्म जीव सापडला. तो माणकासारखे लालभडक द्रव्य तयार करी. त्यातून डॉनोरुबिसिन आणि पाठोपाठ डॉक्सोरुबिसिन ही औषधे निघाली. ज्या आयांनी वॉर्डात रात्री काढल्या आहेत त्यांना औषधांची नावे आठवत नाहीत. 'लाल औषध' म्हटले की लगेच ओळख पटते. ह्या लाल औषधाने असंख्य मुले वाचली. परंतु १९९१ साली बॉस्टनच्या डॉक्टरांनी रक्ताच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या ११५ मुलांची हृदये तपासली, तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांच्या हृदयात काही ना काही उणे आढळले. पुष्कळांना त्याची कसलीही तक्रार नव्हती.

असे का व्हावे? हृदयाच्या स्नायूंच्या पेशी एकदा मेल्या की त्यांची भरपाई जवळजवळ होत नाही. पाच वर्षांच्या मुलाच्या हृदयातल्या थोड्या पेशी औषधाने गेल्या, तरी त्या वयाला उरलेल्या पुरतात. मग मूल वाढते. वजन तिप्पट होते, उंची दीडपट होते. बिऱ्हाड वाढत जाते, कमावते हात मात्र मोजकेच राहतात. ते हात वर्षानुवर्षे जास्तीचे काम ओढतात आणि हृदयाची भिंत पातळ होत जाते. औषधाची एकूण मात्रा जितकी अधिक, उपचाराच्या वेळचे वय जितके कमी, तितका धोका जास्त. मुलींना मुलांपेक्षा अधिक. आणि छातीला किरणोपचारही मिळाले असतील तर आणखी अधिक.

बाकीच्या गोष्टी भरभर सांगतो. आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून निघालेले व्हिन्क्रिस्टिन हे औषध रक्ताच्या कर्करोगात मोलाचे आहे. त्याने काहींच्या पावलांत मुंग्या आणि अशक्तपणा राहतो. सिसप्लाटिन नावाच्या औषधाने उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. मूल वर्गात 'लक्ष देत नाही' असे मास्तर म्हणतात, आणि खरे पाहता त्याला नीट ऐकूच येत नसते. स्टेरॉइडने हाडे ठिसूळ होतात, कधी खुब्याचे हाड झिजते. मानेला किरण मिळाले तर थायरॉइड मंदावतो. छातीला किरण मिळालेल्या मुलींना तरुणपणीच स्तनाच्या कर्करोगाचा धोका असतो. म्हणून त्यांची तपासणी वयाच्या २५व्या वर्षापासून किंवा किरणोपचारानंतर ८ वर्षांनी, ह्यांपैकी जे उशिरा येईल तेव्हापासून, दरवर्षी करावी असे सांगतात. काही औषधांनी मुलांमध्ये बीज कमी होते, मुलींची पाळी लवकर जाते. आणि एक गोष्ट खास आपल्याकडची : दात्याच्या रक्ताची हिपॅटायटिस 'सी'साठी तपासणी आपल्या देशात २००१ साली सक्तीची झाली. त्याआधी ज्यांना लहानपणी रक्त चढवले गेले, त्यांनी यकृतासाठी ती एक साधी तपासणी एकदा जरूर करून घ्यावी.

ही यादी वाचून कोणी अंक मिटून ठेवू नये. ह्यांतले सगळे सगळ्यांना होत नाही. कोणाला काय होऊ शकेल, हे कोणते औषध, किती, कोणत्या वयात मिळाले त्यावर ठरते. अमेरिका व कॅनडा येथे १९९४ साली अशा हजारो बऱ्या झालेल्या मुलांचा मागोवा घेण्याचे काम सुरू झाले. २००६ साली त्यांतल्या १०,३९७ जणांची हकीकत छापून आली. तोवर ही 'मुले' पंचविशी ओलांडलेली होती. १०० पैकी ६२ जणांना काही ना काही जुनाट दुखणे होते आणि २७ जणांचे दुखणे गंभीर स्वरूपाचे होते. गंभीर दुखण्याचा त्यांचा धोका त्यांच्या सख्ख्या भावंडांच्या मानाने आठपट होता. म्हणजे ही तक्रार आईच्या मनाची नव्हे, हे सिद्ध झाले. त्याच संशोधकांनी २०१६ साली दुसरी बाजूही दाखवली. १९७०च्या सुमारास उपचार झालेल्या मुलांत, पाच वर्षांचा पल्ला पार केल्यानंतरचे पंधरा वर्षांचे मृत्युप्रमाण १०० मागे १२.४ होते, १९९०च्या दशकाच्या आरंभी उपचार झालेल्यांत ते ६ वर आले. उपचार सौम्य केले, वेळीच तपासण्या केल्या, त्याचे हे फळ.

१९७५ साली डॉ. ज्यूलिओ डँजिओ ह्या अमेरिकन डॉक्टरांनी आपल्या व्यवसायबंधूंना बजावले होते की, मूल रोगातून वाचले म्हणजे आपले काम संपले असे समजू नका; ते धडधाकट मोठे व्हायला हवे. विशेष असे की, हे सांगणारा गृहस्थ स्वतः किरणोपचाराचा तज्ज्ञ होता. 

आता त्या बाईंच्या पत्राकडे वळू.

बाई, तुम्ही मुलीपासून ही गोष्ट लपवलीत ती मायेपोटी. तिचे बालपण आजाराच्या सावलीत जाऊ नये, शेजारणींनी तिच्याकडे कीव करून पाहू नये, शाळेत कोणी बोट दाखवू नये, हाच त्यात हेतू. तुमच्या जागी दुसरी आई असती तर तिनेही तेच केले असते. परंतु मुलगी पाच वर्षांची असताना जे गुपित तिचे रक्षण करीत होते, तेच ती चोवीस वर्षांची झाल्यावर तिच्या वाटेत आडवे येते. कसे ते सांगतो.

माझ्या परिचयाच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे दोन वर्षांपूर्वी एक तरुण मुलगी आली. सहावा महिना चालू होता आणि तिला जिना चढताना दम लागत होता. गरोदरपणात थोडा दम लागतोच, म्हणून घरच्यांनी आठ-पंधरा दिवस तसेच घालवले. आधी काही मोठे दुखणे झाले होते का, असे विचारता मुलगी म्हणाली, "काही नाही." तिची सासू म्हणाली, "काही नाही." तिची आई मात्र जमिनीकडे पाहत राहिली. थोड्या वेळाने पाणी पिण्याच्या निमित्ताने ती आत आली आणि दाराशी उभी राहून हलक्या आवाजात म्हणाली, "डॉक्टरीणबाई, लहानपणी हिला लाल औषध दिले होते."

त्याच दिवशी इको काढला. हृदयाची ताकद बरीच कमी झालेली होती. हृदयतज्ज्ञ आले, औषधे सुरू झाली, अंथरुणात विश्रांती सांगितली, आणि बाळ-बाळंतीण दोघे सुखरूप सुटली. परंतु डॉक्टरांनी जेव्हा विचारले की लाल औषध एकूण किती दिले होते, तेव्हा आईला सांगता येईना. फाईल होती, जाड, दोरीने बांधलेली. पुण्याला बिऱ्हाड हलवताना, आता ही ब्याद कशाला घरात, म्हणून ती रद्दीत गेली. गरोदर राहण्यापूर्वीच एक इको काढला असता तर पुढले तीन महिने त्या घराने जी धास्ती घेतली ती टळली असती. लाल औषध मिळालेल्या पुष्कळ मुलींची बाळंतपणे अगदी निर्विघ्न होतात. फक्त डॉक्टरांना आधी ठाऊक असावे लागते.

म्हणून माझे पहिले सांगणे ह्या दिवसांतल्या साफसफाईला धरून आहे. माळा उतरवाल, जुन्या ट्रंका उघडाल, रद्दीवाल्याला हाक माराल, तेव्हा मुलाच्या आजाराची फाईल तेवढी बाजूला काढा. सगळी जपणे शक्य नसेल तर एक पानभर सारांश करून घ्या. जेथे उपचार झाले तेथे जुन्या नोंदी मिळतात का, ते विचारा. डॉक्टर तो सारांश लिहून देतात. त्या पानावर एवढे असावे : रोगाचे नाव आणि तारीख, दिलेल्या प्रत्येक औषधाचे नाव, लाल औषधाची एकूण मात्रा, किरणोपचार शरीराच्या कोणत्या भागाला व किती, कोणती शस्त्रक्रिया, रक्त कधी चढवले. त्याच्या तीन प्रती काढा. एक मुलाजवळ, एक तुमच्या कपाटात, एक तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे. फोनमध्ये फोटो काढून ठेवलात तर फारच उत्तम.

दुसरे सांगणे : मुलाला सांगा. एकदम सारे सांगायची गरज नाही. लहान मुलाला त्याच्या भाषेत, दहा-बारा वर्षांच्या मुलाला थोडे अधिक, आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती सरळ ते पान द्या. ज्याला स्वतःचा इतिहास ठाऊक आहे तो सिगारेटला हात लावण्यापूर्वी दहादा विचार करील. छातीत धडधडले तर गॅस म्हणून सोडा पिऊन स्वस्थ बसणार नाही. ज्याला ठाऊकच नाही, त्याने काळजी घ्यावी तरी कशाची? शिवाय आपल्यापासून काहीतरी लपवले जात आहे, हे मुलांना आपल्याला वाटते त्यापेक्षा पुष्कळ आधी कळलेले असते.

तिसरे : रोग परत आला आहे का एवढे पाहून थांबू नका. वर्षातून एकदा तपासणी, आणि औषधांच्या हिशेबाप्रमाणे इको, थायरॉइड, कान, डोळे, हाडे ह्यांपैकी जे लागू असेल ते. इको किती वर्षांनी काढायचा हे मिळालेल्या मात्रेवर ठरते. उपचारानंतर लहानपणच्या काही लसी पुन्हा द्याव्या लागतात. ते राहून गेले असेल तर विचारा. ज्यांच्या घरी सध्या एखाद्या वयात आलेल्या मुलाचे उपचार सुरू व्हायचे आहेत, त्यांनी आधीच डॉक्टरांना विचारावे की बीज साठवून ठेवण्याची गरज आहे काय. हा प्रश्न विचारायला आईबापांना संकोच वाटतो. पंधरा वर्षांनी तो मुलगा मात्र त्या प्रश्नाबद्दल तुमचा ऋणी राहील.

ह्यासाठी परदेशी जावे लागत नाही. परळलाच, हाफकिन इन्स्टिट्यूटपासून थोड्या अंतरावर, १९४१ साली टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभे राहिले. तेथे उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी १९९१पासून एक निराळे क्लिनिक चालते. रोगाची नव्हे, तर बऱ्या झालेल्या माणसाची तपासणी तेथे होते. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आश्रयाने २००९ साली अशाच बऱ्या झालेल्या तरुण मंडळींनी 'उगम' नावाचा गटही काढला. वॉर्डात नव्याने दाखल झालेल्या मुलाच्या आईला डॉक्टरांच्या शंभर शब्दांनी जो धीर येत नाही, तो ह्याच आजारातून उठलेला एखादा उंचापुरा तरुण समोर येऊन उभा राहिला की येतो.

राहिला प्रश्न लग्नाचा. बाई, मुलीला सांगितल्यावर तो निर्णय तुमचा राहणार नाही, तिचा होईल. आणि तो तसाच व्हायला हवा. ज्याच्याशी तिचे जुळत असेल त्याला तिने स्वतः, कागद हाती घेऊन, सांगावे असे माझे मत आहे. लग्नानंतर दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळलेली गोष्ट फसवणूक ठरते. आधी सांगितलेली तीच गोष्ट विश्वास ठरते. काही स्थळे परत जातील, हे मी नाकारीत नाही. त्याचे दुःख होईल. परंतु दर दोन वर्षांनी इको काढायला जाताना नवऱ्याला काय कारण सांगायचे, ह्या विवंचनेत संसार करणे अधिक कठीण आहे.

शेवटी चार शब्द पत्र लिहिणाऱ्या बाईंसाठी नव्हेत, तर तुम्हा बाकीच्या वाचकांसाठी. कारण तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी असा आजार झालेला नसेल, आणि तुळशीच्या लग्नानंतर मुलासाठी स्थळे पाहायला तुम्हीच निघाल. उद्या एखादी मुलगी सांगून आली आणि तिने किंवा तिच्या वडिलांनी ही हकीकत मोकळेपणी सांगितली, तर पाय मागे घेण्यापूर्वी तीन गोष्टी ध्यानात ठेवा. हा आजार लागट नाही. लहानपणी कर्करोगातून बऱ्या झालेल्यांच्या मुलाबाळांत जन्मजात व्यंगे किंवा कर्करोग इतरांहून अधिक आढळत नाहीत. डोळ्याच्या पडद्याच्या कर्करोगासारखे काही थोडे प्रकार आनुवंशिक असतात, आणि ते कोणते हे डॉक्टर सांगू शकतात. आणि तिसरे असे की, जी मुलगी आपल्या हृदयाचा रिपोर्ट आपणहून तुमच्यासमोर ठेवते तिच्याविषयी तुम्हाला जेवढे ठाऊक झाले, तेवढे दुसऱ्या कोणत्याही स्थळाविषयी ठाऊक झालेले नसते. पत्रिका पाहायला तुम्ही जेवढा वेळ देता त्याच्या निम्मा वेळ त्या रिपोर्टला द्या. एखाद्या चांगल्या डॉक्टरला तो दाखवा, आणि मग काय ते ठरवा.

सर्व वाचकांना ही दिवाळी आरोग्याची जावो. फराळाच्या अपचनावरचे उपाय पुढल्या अंकी नेहमीच्या जागी वाचावेत.